पेसमेकर टाळला, त्याला सात महिने झाले

काल सात महिन्यांनंतरचा होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठोके नोंदवणारं यंत्र) रिपोर्ट हाती आला. दोन ठोक्यांमधला सगळ्यात लांब थांबा 1.4 सेकंद. जानेवारीत हाच आकडा 5.2 होता, तोही मी जागा असताना.

हिंगणघाटकडे माझं वेल्डिंगचं दुकान आहे. डवरे, ट्रॉल्या, रोटाव्हेटरची पाती, असलं काम. वय 39. ग्राइंडरपाशी बसलो होतो, डोळ्यांपुढे अंधारी आली अन् कपाळ थेट ऐरणीवर. सहा टाके. माय म्हणे, "काऊन रे बापू, उपाशी होता का?" नाडी 38 होती.

नागपूरच्या पहिल्या दवाखान्यात सरळ पेसमेकर सांगितला, वेल्डिंग सोडा म्हणाले. बॅटरी 8-12 वर्षं चालते, म्हणजे माझ्या वयाला ती कितीदा बदलावी लागणार? पण ॲट्रोपिनची (वेगस नसेची पकड थोडा वेळ सोडवणारं औषध) चाचणी तिथं कोणी केलीच नाही. याचा राग अजून जात नाही. एक साधं इंजेक्शन! दुसऱ्या डॉक्टरांनी ते दिलं आणि 41 वरचे ठोके काही मिनिटांत 98 झाले. म्हणजे हृदयाचा बैल धडधाकट आहे, ठोके मंदावणारी वेगस नावाची नस कासरा ओढून धरते, एवढंच मंद नाडीचं कारण. पेसमेकरची तारीख मिळाली असेल, वय कमी असेल, तर आधी हे इंजेक्शन विचारा.

या नसेचे हृदयावरचे पुंजके जांघेतल्या शिरेतून नळी नेऊन जाळतात. 2005 मध्ये ब्राझीलच्या डॉ. पाचॉन यांनी ही पद्धत मांडली. मला तीन तास लागले, नंतर सहा तास पाय सरळ. खर्च योजनेत बसत नाही असं काउंटरवर सांगितलं, त्यामुळे नव्या शेडसाठी जमवलेले पैसे गेले.

आता नाडीचं सांगतो, कारण हे आधी कोणी नीट सांगत नाही. जन्मभर मी 45-50 ठोक्यांवर झोपलो. ऑपरेशननंतर रात्री 84! डाव्या कुशीवर वळलं की उशीत धडधड ऐकू यायची. दोन महिने मी ऑक्सिमीटर उशाशी ठेवून दर तासाला बघायचो. कासरा कापल्यावर नाडी वाढणारच, हे बरोबर आहे, पण ते आधी सांगायला हवं होतं. एप्रिलमध्ये मला कोणी विचारलं असतं तर करू नका असंच म्हटलं असतं.

जुलैत मत बदललं. डवरणीच्या दिवसांत एका दिवसात चौदा डवरे जोडले, उकिडवं बसून, उठून, पुन्हा बसून. एकदाही अंधारी नाही. रात्रीची नाडी आता 72.

काकांचं वेगळं. वय 72, ॲट्रोपिन देऊनही ठोके वाढले नाहीत, हृदयातली वीजवाहिनीच झिजलेली. त्यांना पेसमेकरच बसवला आणि तेच बरोबर झालं.

जाळलेल्या नसा पुन्हा वाढू शकतात, म्हणून पुढचा होल्टर फेब्रुवारीत आहे. तोवर मायनं ऐरण दुकानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवायला लावली आहे.