जुमोची बेबे की जर्मन ११४, रिप्रॉडक्शन घ्यायचं तर कुठलं?

हाताने बनवलेली रिप्रॉडक्शन बाहुली, म्हणजे जुन्या अँटिक बाहुलीची आज केलेली कॉपी, घ्यायची तर मला दोनच चेहरे सुचतात, एक पॅरिसच्या जुमो या बाहुल्यांच्या कंपनीची बेबे, म्हणजे लहान मुलीच्या रूपातली बाहुली, आणि दुसरा जर्मनीच्या केमर अँड राइनहार्ट कंपनीचा ११४ नंबरचा साचा, जो 1909 च्या सुमाराला आला. जुमोचं सगळं सौंदर्य डोळ्यांत आणि भुवयांत, खोल काचेचे मोठे डोळे आणि बारीक बारीक केसांसारख्या रेघांनी काढलेली भुवई. ती भुवई ज्याला जमली तो खरा कारागीर, कारण बिस्कवर, म्हणजे चकाकी न दिलेल्या भाजलेल्या चिनीमातीवर, रंगाचे थर चढवत पुन्हा पुन्हा भट्टीत घालावं लागतं आणि हात जरा जड पडला की चेहरा लगेच बटबटीत दिसतो, बाजारात असल्याच जास्त मिळतात.

११४ चे डोळे रंगवलेले आणि ओठ जरासे फुगवलेले, अगदी खरं रुसलेलं पोर. इथे जीव घडणीत आहे, म्हणून साचा झिजलेला असेल तर ओठांची कडा बोथट होते आणि मग रंगकाम कितीही छान असो, काही उपयोग नाही. जुन्या डोक्यावरून साचा घेतला की माती भाजताना आकसते आणि कॉपी मूळापेक्षा लहान निघते हेही दोन्हीत लक्षात ठेवा. मानेमागे आजच्या कारागिराचं नाव आणि साल कोरलेलं हवंच, नाहीतर उद्या कुणीतरी ती अँटिक म्हणून विकेल.

मी तर ११४ घेईन. पण भुवया खरंच सुंदर असतील तर जुमो, किंमत जास्त पडली तरी.