स्पार्कस्टेशन आयपीएक्सवर ब्लूस्कझी आणि सीरियल कन्सोल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

यंत्र सन कंपनीचं स्पार्कस्टेशन आयपीएक्स, १९९१ चं वर्कस्टेशन मॉडेल. ४० मेगाहर्ट्झ, रॅम ६४ एमबी. आतल्या डिस्कच्या जागी ५० पिनांचं ब्लूस्कझी व्ही-२ कार्ड (एसडी कार्डावरच्या इमेज फाइली जुन्या स्कझी बसवर डिस्क किंवा सीडी म्हणून दाखवणारं). कीबोर्ड आणि मॉनिटर नाहीत, सगळा कारभार सीरियल पोर्ट ए ला जोडलेल्या लॅपटॉपवरून, हाच सीरियल कन्सोल. कार्डाबद्दल तक्रार जवळपास नाही. डोकं खाल्लं ते आजूबाजूच्या गोष्टींनी, म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

कीबोर्ड जोडलेला नसला की हे यंत्र आपोआप पोर्ट ए वर बोलतं: ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. पोर्ट मिनी-डिन ८ चा आहे आणि तीन तारा पुरतात. सनची पिन ३ (ट्रान्समिट) डीबी-९ च्या २ ला, पिन ५ (रिसीव्ह) ३ ला, पिन ४ (ग्राउंड) ५ ला. तयार केबलमधल्या तारांच्या रंगांवर विसंबू नका, मल्टिमीटर लावा. यंत्र चालू असताना पिन ४ च्या तुलनेत पिन ३ वर काही व्होल्ट ऋण दाब दिसला की ट्रान्समिट जिवंत आहे असं समजा. यूएसबी कन्व्हर्टर खऱ्या आरएस-२३२ पातळीचाच हवा. आर्डुइनोसोबत येणारी कमी व्होल्टची टीटीएल कन्व्हर्टर पट्टी इथे जोडली तर अक्षरं दिसणार नाहीतच, वर पट्टीही जळू शकते.

डीबी-२५ पोर्ट असलेल्या सनवर वेगळीच गंमत आहे. तिथे जोडणी २ ला २, ३ ला ३ आणि ७ ला ५ अशी होते. आकडे सरळ दिसतात, पण तारा उलटलेल्याच असतात, कारण डीबी-२५ मध्ये ट्रान्समिट २ वर आणि डीबी-९ मध्ये ३ वर असतं. त्यात वेगळा नल-मोडेम (तारा उलटवणारा) अडॅप्टर घातला की पडदा कोराच राहतो.

केबल बरोबर असूनही कन्सोल गप्प असेल तर लगेच काही उपटू नका. एनव्हीरॅमची (यंत्राच्या सेटिंग्ज जपणाऱ्या चिपची) बॅटरी मेली की डायग-स्विच ही तपासणीची सेटिंग 'ट्रू' होते, मेमरीची लांबलचक तपासणी चालते आणि मग यंत्र डिस्क सोडून नेटवर्कवरून बूट व्हायला बघतं. इथेच बरेच जण डिस्क कंट्रोलर गेला असं ठरवून बोर्ड विकून टाकतात! खरी खूण म्हणजे आयडीप्रॉम (त्याच चिपमधली यंत्राची ओळख) अवैध असल्याचा संदेश. एमके४८टी०२ ही एनव्हीरॅमची २४ पायांची चिप सॉकेटमध्ये असते. तिच्या आतला सेल कापून वेगळा करा आणि मगच सीआर२०३२ चा होल्डर जोडा. जुना सेल तसाच ठेवला तर तो नव्याला पिऊन टाकतो. त्यानंतर 'ओके' प्रॉम्प्टवर (यंत्राच्या बूट प्रॉमच्या आज्ञा-ओळीवर) सेट-डिफॉल्ट्स. नुसता '>' दिसला तर 'एन' दाबा. मग एमकेपी आज्ञेने हेक्समध्ये बाइट ० ला १, बाइट १ ला ५७ (हा आयपीएक्सचा मशीन टाइप), २ ते ४ मध्ये ८, ०, २०, पुढे उरलेला इथरनेट पत्ता आणि होस्टआयडी (यंत्राचा ओळख क्रमांक). शेवटच्या बाइटमध्ये आधीच्या पंधरा बाइटांचा एक्सऑर (बिटनिहाय चेकसम). तो चुकला की सगळं पुन्हा अवैध.

आता स्कझी. बसवरची उपकरणं दाखवणाऱ्या प्रोब-स्कझी आज्ञेत काहीच दिसलं नाही तर ५० पिनी कनेक्टरची पिन २६ मोजा. ती टर्मिनेशनची (बसच्या टोकांना लागणाऱ्या रोधांची) वीज, ५ व्होल्टच्या आसपास हवी. ती नसेल तर फ्यूज उडालेला असण्याची शक्यता मोठी, आणि कार्ड तिथूनच वीज घेत असेल तर त्याचा दिवाही लागणार नाही. एकच डिस्क सातही आयडींवर दिसली तर कार्डाचा आयडी ७, म्हणजे कंट्रोलरचाच, पडलेला असतो. टर्मिनेशन बसच्या फक्त दोन टोकांना हवं, मध्ये कुठेही नको.

बूट डिस्क आयडी ३ वर आणि सीडी ६ वर अशी सनची जुनी रीत आहे. त्यामुळे इमेजच्या नावात 'एचडी३०_५१२' हवं (३ हा आयडी, ५१२ हा ब्लॉकचा आकार बाइटांमध्ये), आणि सीडीच्या नावातही ५१२. ही नोंद विसरली तर सीडी २०४८ बाइटांची समजली जाते आणि सन तिच्यावरून बूट होत नाही. रूट विभाग पहिल्या १ जीबीतच ठेवा. जुना प्रॉम ६ बाइटांच्या रीड आज्ञेने वाचतो, तिचा पत्ता २१ बिटांचा, म्हणजे २०,९७,१५२ ब्लॉक. त्यापलीकडे कर्नल गेला की आज चालणारं यंत्र अपग्रेडनंतर अचानक अडतं.

इमेज कार्डावर सलग असावी, म्हणून रिकाम्या एक्सफॅट कार्डावर तीच आधी टाका. तुकडे झाले असतील तर लॉग फाइल सांगते. बसचा कमाल वेग सेकंदाला ५ एमबी असल्यामुळे महागड्या एसडी कार्डावर पैसे घालवू नका. मधूनच ट्रान्सफरच्या चुका आल्या तर आयएनआय फाइलमध्ये मॅक्ससिंकस्पीड ० करून पाहा. चुका थांबल्या तर दोष केबल किंवा टर्मिनेशनमध्ये शोधा, कार्डात नाही.

एक कटकट अजून आहे. लॅपटॉप बंद केला किंवा कन्व्हर्टर उपटला की सनला तो ब्रेक (थांबण्याचा संकेत) वाटतो आणि चालू यंत्र 'ओके' वर थांबतं. 'गो' म्हटलं की पुढे जातं. सोलारिस ७ मध्ये (आयपीएक्सवर चालणारं शेवटचं) ईटीसीतल्या डिफॉल्ट फोल्डरमधल्या केबीडी फाइलीत कीबोर्ड_अबॉर्ट 'डिसेबल' करता येतं. मग मात्र खरोखर अडकलेलं यंत्र सोडवायला वीज बंद करण्यावाचून मार्ग नाही.