मॉस्कोनींचं ५२६ आणि घरचं आठ फुटी टेबल

अमेरिकन पूल खेळाडू विली मॉस्कोनी १९९३ मध्ये गेले, पण स्ट्रेट पूलचा (कुठलाही बॉल पॉकेट करून गुण मिळवायच्या खेळाचा) विषय निघाला की ५२६ हा आकडा येतोच. १९५४ साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला त्यांनी सलग तेवढे बॉल पॉकेट केले, तेही आठ फुटी टेबलावर. कोपऱ्याची पॉकेट्स सव्वापाच इंची, म्हणजे ऐसपैस होती, हे खरं. पण क्यू बॉल (काठीने मारायचा पांढरा बॉल) जेमतेम हलवून पुढचा शॉट मिळवण्याची त्यांची हातोटी पॉकेटच्या रुंदीतून येत नाही. तेव्हा घरी आठ फुटी टेबल घेताना कमीपणा मानू नका.

खेळायची जागा ८८ × ४४ इंच. ५८ इंची क्यूसाठी (खेळायच्या काठीसाठी) खोली किमान १७ × १३.५ फूट हवी. हात मोकळा फिरायला आणखी थोडी. 'होईल हो ॲडजस्ट' म्हणणाऱ्या विक्रेत्याला टेप दाखवा.

स्लेट, म्हणजे कापडाखालची दगडी पाटी, इंचभर जाडीची, तीन तुकड्यांची बघा. सांधे मेणाने भरतात. टेबल ओढून सरकवलं की मेण तडकतं आणि हळू जाणारा बॉल नेमका तिथे वळतो. लेव्हल कापड चढवण्याआधी स्लेटवरच तपासून घ्या, नंतर तक्रार करून उपयोग नाही. स्लेटऐवजी एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाचा) बेड कोकणातल्या पावसाळ्यात फुगणार, त्याच्या वाटेला जाऊच नका. कापड वर्स्टेडचं (पिळदार लोकरी धाग्याचं, बिनलवेचं) घ्या. दमट हवेत तेही मंदावतं, पण लवदार कापडाइतकं नाही.

सरावाला चौदा बॉल त्रिकोणात रचा (हाच रॅक), पंधरावा रॅकशेजारी ठेवा. तो पॉकेट करता करता क्यू बॉलने रॅक फोडायचा.