ट्रेडल, विंडमिल की ऑफसेट? आधी शाई कशी पसरते ते बघा

जुने छपाई यंत्र घ्यायला निघालेला माणूस तीन गोष्टी विचारतो: ताशी किती कागद निघतात, मोठ्यात मोठा कागद कोणता लागतो, आणि शेवटची किंमत काय. चौथी गोष्ट फारसे कुणी विचारत नाही, आणि पुढची सगळी कटकट तिच्यातूनच निघते. डक्टमधली, म्हणजे यंत्राच्या शाईच्या कुंडीतली, शाई अक्षरापर्यंत पोचेतो सारखी कशी होते, ही ती गोष्ट. गिऱ्हाईक लग्नपत्रिका परत घेऊन येते ते यंत्र हळू चालले म्हणून नव्हे. डावीकडचा गणपती लालभडक आणि उजवीकडचा फिका आला म्हणून येते.

छोटा छापखाना टाकायचा आहे, किंवा असलेल्या छापखान्यात एक यंत्र वाढवायचे आहे, आणि समोर तीन पर्याय आहेत असे धरून चालतो: डिस्कचे ट्रेडल, हायडलबर्गचे विंडमिल (ही दोन्ही लेटरप्रेस, म्हणजे उठावदार अक्षरांना शाई लावून ती थेट कागदावर दाबणारी) आणि एकरंगी छोटे ऑफसेट (सपाट प्लेटवरची शाई आधी रबरी ब्लँकेटवर आणि तिथून कागदावर उतरवणारे). अनिलॉक्स, म्हणजे शाई मोजून देणाऱ्या खळग्यांच्या रुळाबद्दल, शेवटी थोडेसे.

मुळातली अडचण अशी. छपाईची शाई आपणहून पसरत नाही, ती घट्ट आणि चिकट असते. ऑफसेटमध्ये कागदावर बसणारा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग किंवा त्याच्या दुप्पट. सुरीने काढलेल्या गोळ्याचा इतका पातळ थर करायचा तर दोन पृष्ठभाग एकमेकांना भिडवायचे आणि सोडवायचे, हाच मार्ग. दर वेळी थर फुटतो. साधारण निम्मी शाई एकीकडे जाते, निम्मी दुसरीकडे. पण रूळ नुसते गोल फिरत राहिले तर शाईच्या जाड पट्ट्यासमोर जाड पट्टाच राहणार. ती आडवी सरकायला कुठेतरी डावी-उजवी हालचाल लागते. म्हणून कोणत्याही यंत्रापुढे उभे राहिल्यावर दोन प्रश्न विचारावेत: थर किती वेळा फुटतो, आणि शाई आडवी कशाने सरकते?

गुटेनबर्गच्या काळापासून जवळपास साडेतीनशे वर्षे हे काम हातानेच होत होते. लोकर किंवा केस भरलेले चामड्याचे दोन गोळे घ्यायचे, एकमेकांवर घोळवायचे आणि खिळ्यांवर (धातूच्या सुट्या अक्षरांवर) थापायचे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरस आणि काकवी शिजवून ओतलेले रूळ आले आणि गोळे गेले. त्यानंतरची एक युक्ती मला आजही फार आवडते. इंग्लंडमधल्या ऑटली गावी १८५८ च्या सुमारास व्हार्फडेल नावाचे सिलेंडर मशीन तयार झाले. त्यात फर्म्याबरोबर (चौकटीत आवळून बसवलेल्या अक्षरांबरोबर) शाईचे एक सपाट टेबल मागेपुढे सरकत असे, आणि त्यावर काही रूळ मुद्दाम तिरके ठेवलेले असत. टेबल खालून सरकले की तिरका रूळ फिरता फिरता आपल्या खाचेत आडवाही घसरे. ना गिअर, ना कॅम, फक्त तिरकेपणा, आणि शाई दोन्ही दिशांनी घोटली जाई. अशी यंत्रे आता भंगारातच दिसतात, तेव्हा विकत घ्यायचा प्रश्न नाही. पण आडवी हालचाल किती साधेपणाने साधता येते ते त्यावरून कळते.

आता ट्रेडल. वर लोखंडी गोल डिस्क, तिच्यावरून दोन-तीन रूळ उतरतात, फर्म्यावरून खाली जातात, परत वर येतात. दर फेरीला एक खटका डिस्कला थोडेसे फिरवतो. त्यामुळे मागच्या फेरीत रुळांनी ओढलेल्या रेघेला पुढच्या फेरीची रेघ कोनात छेदते. शाई आडवी होते ती एवढ्यावरच. काही यंत्रांत डिस्कचा मधला भाग वेगळा असतो आणि तो बाहेरच्या कड्याच्या उलट फिरतो. असे ट्रेडल मिळाले तर ते पसंत करा. अमेरिकेत जॉर्ज गॉर्डनने १८५० च्या दशकात या जातीचे यंत्र रूढ केले आणि १८८० च्या दशकापासून क्लीव्हलंडच्या चँडलर अँड प्राइसने त्याची प्रचंड संख्येने बांधणी केली. आपल्याकडची देशी ट्रेडले त्याच कुळातली.

या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे डोळ्यांसमोर सगळे उघडे. डिस्क पाच मिनिटांत पुसून होते. सकाळी कुंकवासारखा लाल, दुपारी सोनेरी, संध्याकाळी काळा असे दिवसातून तीन रंग बदलायचे असतील तर ट्रेडलच्या जवळपास कुणी येत नाही. शाईही चमचाभर पुरते. पन्नास-शंभर पत्रिकांच्या कामाला ही बाब किरकोळ नाही.

दोष दोन आहेत, आणि दोन्ही यंत्राच्या रचनेतले आहेत. कारागिराने कितीही जीव लावला तरी ते जात नाहीत. बहुतेक ट्रेडलांना डक्ट नसते, शाई सुरीने हाताने लावायची. लावल्यावर पहिले काही कागद गडद येतात, मग हळूहळू रंग उतरतो, मग पुन्हा लावायची. अनुभवी मशीनमन थोडी थोडी आणि वारंवार लावून हा चढउतार दाबतो, पण पूर्ण काढू शकत नाही. दुसरा दोष सॉलिडचा, म्हणजे सलग भरीव रंगाच्या भागाचा. रुळाचा व्यास ४५ मिलिमीटर धरला तर त्याचा घेर साधारण १४ सेंटिमीटर. फर्म्यातला सॉलिड ब्लॉक त्याहून लांब असेल तर रूळ एका फेऱ्यात आपल्याकडची शाई देऊन बसतो आणि दुसऱ्या फेऱ्यात उपाशी फिरतो. १४ सेंटिमीटरपाशी एक पुसट आडवी सीमा दिसते. वर जाताना रूळ पुन्हा फर्म्यावरून जातात म्हणून ती थोडी झाकते, एवढेच. मोठी सॉलिड पट्टी हवीच असेल तर तोच कागद दोनदा छापावा लागतो.

देवनागरीसाठी एक जादा सूचना. आपली शिरोरेषा ही लांब, अरुंद आणि सलग रेघ असते, त्यामुळे शाईतला असमानपणा इंग्रजी मजकुरापेक्षा आपल्या मजकुरात लवकर उघडा पडतो. एका ओळीची शिरोरेषा डावीकडे जाड आणि उजवीकडे बारीक दिसली की मशीनमन ब्लॉक बदलायला निघतो. खरे तर रूळ एका बाजूला उतरलेला असतो. शाई जास्त झाली की ‘ध’, ‘घ’, ‘भ’ यांची पोटे भरतात. सॉलिड आणि बारीक अक्षर एकाच फर्म्यात असेल तर हा पेच ट्रेडलवर सुटतच नाही: सॉलिडला पुरेल इतकी शाई घातली की अक्षरे चिकटतात. मी अशा कामाचे सरळ दोन फर्मे करायला सांगतो.

विंडमिल, म्हणजे आपल्याकडे नुसते ‘हायडलबर्ग’ म्हणतात ते, पंख्यासारख्या फिरणाऱ्या ग्रिपरांनी कागद स्वतः उचलणारे यंत्र. १९१४ मध्ये लाइपझिगच्या प्रदर्शनात ते दिसले आणि १९८५ पर्यंत बनत राहिले. १० गुणिले १५ इंची मॉडेल ताशी पाच हजारांच्या आसपास जाते. लोक त्याचा वेग बघून हरखतात. मला त्यातली शाईची व्यवस्था जास्त मोलाची वाटते. डिस्कच्या जागी पोलादी ढोल आहे, मागे डक्ट आहे, डक्टला स्क्रूंच्या चाव्या आहेत. ज्या बाजूला ब्लॉक भारी त्या बाजूची चावी सैल करा, उलट बाजूची आवळा. ट्रेडलवर ही सोय औषधालाही नाही. डक्टमधून दर फेरीला ठरावीक पट्टा उचलला जातो, त्यामुळे पहिला कागद आणि हजारावा कागद यांत रंगाचा फरक फार राहत नाही. ढोलावर घोटणारे रूळ आणि आडवे सरकणारा रूळ मिळून थर डिस्कपेक्षा कितीतरी जास्त वेळा फोडतात.

पण विंडमिलही लेटरप्रेसच आहे. फर्म्यावर जाणारे रूळ लहान व्यासाचे, १० गुणिले १५ वर दोनच. मोठ्या सॉलिडवर आणि फ्रेमसारख्या डिझाइनवर घोस्ट येतो, म्हणजे वरच्या ब्लॉकची फिकट सावली खालच्या सॉलिडमध्ये दिसते. आणि रंग बदलायचा तर ढोल, रूळ, डक्ट, सगळे धुवा. काळ्यावरून सोनेरीवर जायचे असेल तर एकदा धुऊन भागत नाही. म्हणून विंडमिल त्याला परवडते ज्याच्याकडे एका रंगाचे लांब काम आहे. नंबरिंग, परफोरेशन (फाडायच्या छिद्रांची रेघ), क्रीझिंग (घडीची रेघ) तर त्यावर होतेच, आणि खरे सांगायचे तर आज कित्येक छापखान्यांत विंडमिल शाईविना, फक्त या कामांसाठी चालते. तुमचा हेतू तोच असेल तर रुळांची चिंता सोडा आणि स्वस्तातले घ्या.

ऑफसेटमध्ये शाईची गाडी लांब असते. डक्ट रूळ, त्याला टेकून परत येणारा डक्टर, मग रबरी आणि कडक असे एकाआड एक दहा-पंधरा रूळ, त्यातले काही आडवे सरकणारे, आणि शेवटी प्लेटवर चालणारे फॉर्म रूळ. डक्टर शाई सलग देत नाही, तो हप्त्याहप्त्याने देतो. प्रत्येक हप्ता म्हणजे शाईची एक लाट. रुळांची रांग पुरेशी लांब असेल तर ती लाट प्लेटपर्यंत पोचताना विरून जाते. आखूड असेल तर छपाईत पट्टे दिसतात. हायडलबर्गचे जीटीओ (१९७२ पासूनचे) आणि कोइम्बतूरच्या ऑटोप्रिंटसारखी मिनी ऑफसेट यांची तुलना करताना लोक कागदाचा आकार मोजतात. तुम्ही फॉर्म रूळ मोजा. जीटीओला चार आहेत. ऑफिस ड्युप्लिकेटरच्या वंशातल्या अनेक छोट्या यंत्रांना दोनच. चार असले की पुष्कळ यंत्रांत पहिले दोन बरीचशी शाई देतात आणि मागचे दोन ती घोळवून सारखी करतात. शिवाय चांगल्या यंत्रात त्यांचे व्यास वेगवेगळे ठेवलेले असतात, म्हणजे सगळ्यांचे घोस्ट एकाच जागी पडत नाहीत. दोन फॉर्म रुळांच्या यंत्रावर बिलबुक, लेटरहेड, हँडबिल सुंदर निघते. पानभर निळा सॉलिड आणि त्यात पांढरी अक्षरे काढायला गेलात की ते हात टेकते.

लांब गाडीची किंमतही असते. सगळ्या रुळांवर बरीच शाई साठलेली असते, म्हणून चावी फिरवल्यावर फरक लगेच दिसत नाही, काही डझन कागद जावे लागतात. नवा माणूस धीर सोडतो, आणखी फिरवतो आणि मग रंग डोक्यावरून जातो. वॉश-अपला वेळ, कापड आणि सॉल्व्हंट लागते. आणि पाणी. पाण्याची व्यवस्था दोन प्रकारची: वेगळ्या रुळांनी थेट प्लेटवर, किंवा शाईच्या रुळांतूनच. दुसरी पद्धत स्वच्छ आणि कमी खटपटीची, मात्र पाणी-शाईचा तोल गेला की शाई फेसाळते आणि थर सारखा होणे थांबते. विदर्भातल्या उन्हाळ्यात शाई पातळ होते, पाणी भराभर उडते. कोकणात पावसाळ्यात उलट कागद दमट. एकाच सेटिंगवर बारा महिने छापता येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

अनिलॉक्सचे तत्त्व या सगळ्याच्या उलट. थर फोडत बसायचेच नाही. रुळावर लेझरने कोरलेले लाखो सारखे खळगे, वर डॉक्टर ब्लेड. जास्तीची शाई खरवडली जाते, खळग्यांत मावेल तेवढीच उरते. फ्लेक्सोमध्ये, म्हणजे लवचिक उठावदार प्लेटच्या छपाईत, लेबले आणि पाकिटे अशीच छापतात. हायडलबर्गने २००६ मध्ये अनिकलर नावाने ते ऑफसेटमध्ये आणले: चाव्या नाहीत, फॉर्म रूळ प्लेट सिलेंडरएवढाच मोठा, म्हणून घोस्ट नाही, आणि रंग जुळायला मोजके कागद पुरतात. गडदपणा बदलायचा तर रुळाचे तापमान बदलतात. पण एका बाजूला शाई जास्त, दुसरीकडे कमी असे करता येत नाही. पहिले यंत्र म्हणून हा विचार मी करणार नाही. रोलवरच्या लेबलांचाच धंदा करायचा असेल तर मात्र थेट फ्लेक्सोकडे जा, वरचे तिन्ही विसरा.

मग कुणी काय घ्यावे? जाड कापशी कागदावर पॉलिमर ब्लॉकने दाबून छापलेल्या पत्रिका, थोडक्या प्रती, रोज नवा रंग: ट्रेडल, डोळे झाकून. हजारोंनी पावतीपुस्तके, नंबरिंग, एकच रंग: विंडमिल. पुस्तके, पत्रके, फोटो, पुढे चाररंगी करायची इच्छा: ऑफसेट, चार फॉर्म रुळांचे, मग ते जुने का असेना. दोन फॉर्म रुळांचे नवे आणि चार रुळांचे जुने यांत मी दुसरे घेईन, रूळ धड असतील तर.

ते धड आहेत की नाही हे विकणाऱ्याच्या दारातच बघायचे. ऑफसेटवर पूर्ण रुंदीचा सॉलिड छापायला सांगा, नुसता मजकूर दाखवला तर मानू नका. यंत्र हाताने फिरवून आडवे सरकणारे रूळ खरोखर सरकतात का पाहा. झिजलेल्या यंत्रात ते फिरतात पण जागचे हलत नाहीत. रबरावर बोट फिरवा: काचेसारखी चकाकी असेल तर रूळ शाई धरणार नाही, पाणी धरेल. लेटरप्रेसवर ०.९१८ इंची (खिळ्याच्या उंचीएवढी) रोलर गेज फर्म्याच्या चारी कोपऱ्यांत फिरवा. शाईची रेघ सगळीकडे सारखी बारीक यायला हवी. एकीकडे रुंद आली तर रूळ, त्याची चाके किंवा पट्ट्या झिजल्या आहेत. रुळांवर नवे रबर चढवून मिळते, पण ऑफसेटच्या पूर्ण सेटचा आकडा छोट्या यंत्राच्या किमतीत सहज भर घालतो. तो आकडा रबर चढवणाऱ्याकडून आधी लेखी घ्या, आणि सौद्याला बसताना किमतीतून वजा करूनच बोला.