अलीच्या १९६५ ते ६७ च्या टायटल फाइट्स: काही महिने सलग बघितल्यावरचा अनुभव

जुन्या हेवीवेट फाइट्सचं एक सबस्क्रिप्शन घेतलं होतं, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. रिव्ह्यू लगेच टाकला नाही कारण नवं नवं असताना सगळंच भारी वाटतं, आता बरेच महिने रात्री जेवण झालं की एक फाइट असं चाललंय त्यामुळे बोलायला हरकत नाही. माझा सगळा वेळ एकाच जागी गेला, मुहम्मद अली १९६४ ला लिस्टनला हरवून चॅम्पियन झाला तिथपासून १९६७ ला त्याचं लायसन काढून घेतलं तिथपर्यंत.

आधी ॲपचं उरकून घेतो. प्रिंट एकसारख्या नाहीत, काही स्वच्छ तर काही इतक्या धुरकट की रेफ्री कुठला आणि बॉक्सर कुठला कळत नाही, शिवाय मधेच अडकतं. सर्चची तर कमाल आहे, 'अली' टाकलं की अर्ध्या फाइट्स येतात आणि 'क्ले' (त्याचं जुनं नाव) टाकलं की उरलेल्या. सुरुवातीला वैताग आला, पण त्या काळाची भानगडच ही होती त्यामुळे नंतर म्हटलं चालू दे.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे अली म्हटलं की लोकांना किन्शासातला फोरमन आणि मनिलातला फ्रेझियर आठवतो. तो अली तिशी ओलांडलेला, मार खाऊन जिंकणारा होता. हात कमरेपाशी सोडून, मागे झुकून, ठोसा नाकासमोरून जाऊ देणारा अली बघायचा असेल तर हीच दोन-तीन वर्षं, त्यानंतर ते पाय कधीच परत आले नाहीत. आणि गोची अशी की त्याच वर्षांत त्याच्यासमोर धड कोणी नव्हतं. २९ मार्च १९६६ ते २२ मार्च १९६७, वर्षही पूर्ण नाही आणि ७ वेळा टायटल पणाला लावलं, आजचे चॅम्पियन वर्षाला एखाद-दोन फाइट खेळतात आणि त्याचाही केवढा गाजावाजा. पण समोरची नावं बघा. ब्रायन लंडन तिसऱ्या राउंडला संपला, कोपऱ्यात एकामागून एक ठोसे बसले आणि खेळ खल्लास. हेन्री कूपरने ६३ साली अलीला खाली पाडलं होतं म्हणून आर्सेनलच्या हायबरी मैदानावर गर्दी लोटली, पण भुवईवर खोक पडून सहाव्याला फाइट थांबली. दोन्ही एकदाच बघा, पुरे.

जो लुईच्या वेळी अशा फाइट्सना पेपरवाले 'बम ऑफ द मंथ' (या महिन्याचा फडतूस) म्हणून हिणवायचे, अलीलाही तेच लावलं जातं. मला ते अर्धंच पटतं. या काळात अलीशी लढलेल्या पॅटरसन, विल्यम्स, फॉली या तिघांनाही लिस्टनने आधीच नॉकआउट केलं होतं, पॅटरसन आणि विल्यम्सला तर दोन-दोनदा, म्हणजे अलीच्या पानात पडलं ते बरंचसं लिस्टनचं उष्टं. वरच्या नंबरात माणसंच तेवढी होती, मग त्याने आणायचं कुठून? आणि देशाबाहेर का खेळत होता तेही बघा. फेब्रुवारी १९६६ ला व्हिएतनामसाठी सैन्यभरतीत त्याचा नंबर लागेल असं झालं, तो पत्रकारांना म्हणाला माझं व्हिएतकाँगशी (तिथे अमेरिकेविरुद्ध लढणाऱ्यांशी) भांडण नाही, झालं, शिकागोची फाइट रद्द आणि अमेरिकेत कोणी उभं करेना. म्हणून ओळीने टोरंटो, लंडन, परत लंडन, फ्रँकफर्ट.

टोरंटोला आयत्या वेळी जॉर्ज चुवालो मिळाला. कागदावर ही पण एकतर्फीच, पण मी सगळ्यात जास्त वेळा हीच लावली. चुवालो कारकिर्दीत कधीच खाली पडला नाही, तो १५ राउंड पुढेच येत राहतो, कमरेवर, कमरेखाली, मिळेल तिथे हाणतो, रेफ्री काही म्हणत नाही. फ्रँकफर्टचा मिल्डेनबर्गरही तसाच सुखद धक्का, डावखुरा असल्यामुळे अलीचं गणित बरेच राउंड चुकत राहतं, बाराव्यापर्यंत फाइट जाते.

क्लीव्हलंड विल्यम्सबद्दल मात्र माझं मन दोन बाजूंना जातं. १४ नोव्हेंबर १९६६, ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम, ३५ हजारांवर प्रेक्षक. दुसऱ्या राउंडमध्ये अली गोल फिरतोय, पायांची ती कैचीसारखी फास्ट हालचाल करतो, आणि मागे सरकता सरकताच मारतो, विल्यम्स एकाच राउंडला तीनदा खाली, तिसऱ्यांदा पाठीवर आडवा हात पसरून, बेलने वाचवला. तिसऱ्याला संपलं. कौशल्य म्हणाल तर यापेक्षा सुंदर हेवीवेट बॉक्सिंग मी बघितलेलं नाही, मी स्लो करून करून बघितलंय. पण या माणसाला दोन वर्षांपूर्वी पोलिसाने गोळी घातली होती, एक किडनी गेली होती, गोळी अजून शरीरात होती. हे वाचल्यावर परत लावली तर मजा येते पण टाळी वाजवावीशी वाटत नाही. त्याला रिंगमध्ये उतरवणाऱ्यांनी काय विचार केला कोण जाणे.

आणि नाव. मार्च १९६४ ला एलायजा मुहम्मदने (अली ज्यात गेला त्या 'नेशन ऑफ इस्लाम' या अमेरिकेतल्या काळ्या मुस्लिमांच्या संघटनेचा नेता) रेडिओवर जाहीर केलं की आजपासून कॅशियस क्ले नाही, मुहम्मद अली. जुनं नाव वडिलांचंच, आणि मुळात केंटकीच्या ज्या गोऱ्या माणसावरून ते आलं तो गुलामगिरीच्या विरोधातला, पण अलीच्या लेखी ते गुलामाचंच नाव. न्यूयॉर्क टाइम्स कितीतरी वर्षं क्ले-क्लेच छापत राहिला. सिनेमातल्या नट्या नाव बदलतात तेव्हा कोणी दाखला मागत नाही, याच्याच वेळी सगळ्यांना कायदा आठवला. फ्लॉइड पॅटरसन मुद्दाम क्ले म्हणत राहिला, मुस्लिम झालेल्या अलीकडून टायटल अमेरिकेला परत आणतो म्हणाला, नोव्हेंबर १९६५ ला लास वेगासला पाठ दुखावलेल्या पॅटरसनला अलीने बाराव्यापर्यंत खेळवत ठेवलं. ती फाइट बघताना कंटाळा येत नाही, कसंतरी होतं.

अर्नी टेरेलची त्याहून वाईट. हा साडेसहा फुटी, डब्ल्यूबीए या बॉक्सिंग संघटनेचा चॅम्पियन, स्वतःचा बँड असलेला (त्याची बहीण जीन पुढे सुप्रीम्स या गाजलेल्या गायिकांच्या ग्रुपमध्ये गायली, हे वाचून मी चाटच पडलो). प्रमोशनच्या वेळी क्ले म्हणाला आणि तिथेच हाणामारी झाली. टेरेलचं म्हणणं, मी याला आधीपासून त्याच नावाने ओळखतो, अपमान करायचा नव्हता. ६ फेब्रुवारी १९६७ ला आठव्या राउंडपासून पुढे अली प्रत्येक ठोशाबरोबर विचारतो, व्हॉट्स माय नेम? टेरेलचा डावा डोळा बंद, तो म्हणाला अंगठा घातला, अली नाही म्हणाला. १५ राउंड, गुण १४८-१३७, १४८-१३७, १४८-१३३. नॉकआउट करता आला नाही की केला नाही यावर अजून वाद घालतात, मला विचाराल तर ओढत नेली. मी अलीचा फॅन आहे, नावाच्या बाबतीत शंभर टक्के त्याच्या बाजूचा, तरी शेवटचे राउंड मला फॉरवर्ड करावे लागले.

मग झोरा फॉली, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, सातव्याला नॉकआउट. हा सभ्य माणूस त्याला सरळ मुहम्मद अली म्हणायचा, त्यामुळे अलीला चिडताच येईना, बॉक्सिंग किती स्वच्छ झालंय बघा. महिनाभराने, २८ एप्रिलला ह्यूस्टनच्या भरती केंद्रात जुन्या नावाने पुकारा झाला आणि हा जागचा हलला नाही, म्हणजे भरती नाकारली. साडेतीन वर्षं रिंग बंद. १९७१ ला सुप्रीम कोर्टाने ८-० ने सोडलं, केसचं नाव मात्र क्ले विरुद्ध अमेरिका असंच आहे.

स्टार साडेतीन, अर्धा सर्चसाठी कापला. नवीन कोणी घेणार असेल तर तारखेच्या क्रमाने बघू नका, चुवालोपासून सुरू करा, मग विल्यम्स, मग फॉली. टेरेल एकट्याने बघा, घरात लहान मुलं असतील तर नकोच. आणि हेडफोन लावा, टीव्हीच्या स्पीकरवर खरखरीत त्या काळची कॉमेंट्री काही कळत नाही.