मिसळ तीच आहे, पण आम्ही जायचं थांबवलंय

हॉटेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मालक मामांनी आम्हाला बावीस वर्षं जेवू घातलंय आणि त्यांचं नुकसान व्हावं असं मला अजिबात वाटत नाही. कोल्हापुरातल्या एका पेठेत आहे, रंकाळ्यापासून चालत दहा मिनिटं. पेठेतल्या लोकांना दोन ओळीत कळेलच कुठलं ते.

आधी खाण्याचं सांगतो, कारण तिथं खोट नाहीच. कट अजून पहिल्यासारखाच आहे, वर तर्री तरंगते पण घसा धरत नाही, खोबरं आणि कांदा नीट भाजल्याची चव येते. मटकी मोडाची, गिचका झालेली नसते, खाली बटाट्याची भाजी, वर चिवडा आणि शेव, आणि सोबत आपल्याकडच्या पद्धतीने ब्रेडच्या स्लाइस, पाव नाही. बाहेरगावचे पाहुणे पाव मागतात, त्यांना मामा दरवेळी न कंटाळता समजावतात. कट कितीही वेळा मागा, पोरगा बादली घेऊन उभाच असतो, त्याचे वेगळे पैसे कधी लावले नाहीत. ताक थोडं पातळ झालंय अलीकडं, बाकी तक्रार नाही. रविवारी आठनंतर गेलात तर अर्धा तास उभं राहायची तयारी ठेवा, गाडी लावायला जागा नाही, तालमीजवळ लावून चालत या.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. आण्णांचा (माझे वडील) सात जणांचा ग्रुप आहे, सकाळी रंकाळ्याला फेरी मारायची आणि रविवारी फेरीनंतर इथं मिसळ. मी कॉलेजात होतो तेव्हापासून आण्णांना गाडीवरून सोडायला जायचो आणि मग तिथंच बसायचो. या सात जणांत एक काका शेकापचे म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे, त्या पक्षाचे नेते एन. डी. पाटील सरांच्या सभेच्या सतरंज्या उचललेले, दोघं जुने शिवसैनिक, एक मास्तर काँग्रेसचे, एक कमळवाले, एकांना कुठलाच पक्ष पटत नाही आणि आण्णा दर निवडणुकीला वेगळं मत देतात. वाद व्हायचे, गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीच्या वेळी तर आवाज रस्त्यापर्यंत जायचा, पण बिल एकाने द्यायचं आणि पुढच्या रविवारी परत यायचं हे ठरलेलं. 2022 च्या जूनमध्ये सेना फुटली तेव्हा ते दोघं शिवसैनिक एकेका बाजूला गेले, 2023 ला राष्ट्रवादी फुटली तेव्हाही आठवडाभर तोच विषय, तरी टेबल एकच राहिलं. मामा गल्ल्यावर बसून सगळ्यांचं ऐकायचे आणि कोण काय बोलतोय त्यावर एक शब्द नाही. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं, आता कळतंय ती किती मोठी गोष्ट होती ते.

दीड-दोन वर्षांपूर्वी मामांच्या मुलाने कारभार हातात घेतला. पोरगा कष्टाळू आहे, पहाटे चारला भट्टी तोच लावतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण महापालिकेची मुदत 2020 च्या नोव्हेंबरात संपलेली, त्यानंतर कित्येक वर्षं प्रशासकच होता, निवडणूक आज होईल उद्या होईल म्हणत प्रत्येक गल्लीत भावी नगरसेवक तयार झाले आणि त्यात हा पण. आधी बाहेर वाढदिवसाचा बॅनर लागला, त्याचं कुणाला काही वाटलं नाही, कोल्हापुरात वाढदिवसाचा बॅनर कुणाचा लागत नाही? मग आत भिंतीवर नेत्यांचे फोटो आले. अंबाबाईचा आणि शाहू महाराजांचा फोटो जिथं होता तिथून सरकवून कोपऱ्यात नेले. मग गल्ल्यावर झेंडा, मग बिलाच्या खाली पक्षाची घोषणा छापून यायला लागली, मग ज्या व्हॉट्सॲप नंबरवर पार्सलची ऑर्डर द्यायची त्याच नंबरच्या स्टेटसला दिवसभर समोरच्या पक्षाला शिव्या. पूर्वी सकाळी रेडिओवर जुनी गाणी लागायची, आता टीव्हीवर बातम्या, तेही मोठ्या आवाजात, आणि चॅनल बदला म्हटलं तर वाढणारा पोरगा मालकाकडं बघतो.

एवढं सगळं होऊन पण आम्ही जातच होतो. सवय असते, आणि चव सोडवत नाही.

मग फोटोचं झालं. एका रविवारी गर्दी जबरदस्त होती, मुलाने दारातून फोटो काढला, झेंडा बरोबर मधे आणि मागे आमचं टेबल, सगळ्यांचे चेहरे स्पष्ट. स्टेटसला टाकला, खाली लिहिलं आपल्या विचारांच्या माणसांची गर्दी. कुणाला विचारलं नाही. त्या सातातले एक काका गावाकडच्या विकास सोसायटीत संचालक, त्यांच्या पॅनलचे लोक नेमके विरुद्ध गटाचे. संध्याकाळपर्यंत तो फोटो गावातल्या तीन ग्रुपवर फिरला. काकांना फोनवर फोन, तुम्ही तिकडं कधी गेला, आतून सेटिंग झाली काय, पुढच्या वेळी पॅनलमधून नाव काढायचं का. सत्तर वर्षांचा माणूस, चाळीस वर्षं एका गटाशी प्रामाणिक राहिलेला, आणि मिसळ खाल्ली म्हणून खुलासे करत बसला. आपल्याकडं दूध संस्था, सोसायटी, साखर कारखाना, सगळीकडं गट असतात आणि कोण कुणासोबत चहा प्यायला यावरून माणसाची बाजू ठरते, हे मुलाला माहीत नसेल असं नाही.

आण्णा दुसऱ्या दिवशी जाऊन शांतपणे म्हणाले, बाळा फोटो काढून टाक. त्याने लगेच काढला, माफी पण मागितली. पण ते काका परत आले नाहीत. पुढच्या रविवारी शेकापवाले काका आले नाहीत. मग मास्तर. नंतर एकदा बिल देताना मुलगा हसत आण्णांना म्हणाला, यंदा आपलंच ना आण्णा? त्याने प्रेमाने विचारलं असेल. आण्णांनी पैसे ठेवले, बडीशेप न घेता बाहेर आले आणि गाडीवर बसल्यावर एवढंच म्हणाले, पुढच्या रविवारी दुसरीकडं जाऊया. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

आपल्याकडं मत गुप्त असतं. कायद्यानेच तसं आहे, कुणाला मत दिलं हे सांगायची सक्ती कोर्ट पण करू शकत नाही. मग मिसळीच्या बिलाबरोबर हा प्रश्न का यावा आणि तो पण अशा ठिकाणी जिथं हो म्हटलं तर खोटं आणि नाही म्हटलं तर वाईटपणा.

इथं एक स्पष्ट सांगतो, नाहीतर लोक म्हणतील हा विरोधी पक्षाचा म्हणून लिहितोय. त्या भिंतीवर ज्या पक्षाचा झेंडा आहे त्याला मी स्वतः दोनदा मत दिलंय. तरी मला तिथं बसवत नाही. माझ्या शेजारी बसणारा माणूस तिथं अवघडून बसतोय, आवाज खाली करून बोलतोय, किंवा यायचंच बंद झालाय, तर मला एकट्याला ती मिसळ गोड लागत नाही. माझ्या बायकोचं म्हणणं वेगळं आहे, ती म्हणते दुकान त्याचं भिंत त्याची, त्याने काय लावावं ते तो ठरवेल आणि आपण कुठं खायचं ते आपण ठरवू, एवढं मनाला लावून घ्यायचं कशाला. तिचं पहिलं वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. मनाला लागतं ते मात्र लागतंच.

आणि दुकानदाराने कधी कशावर बोलूच नये असं पण माझं म्हणणं नाही. काही सलूनमध्ये पाटी असते ना, इथे राजकीय चर्चा करू नये, तसलं मला आवडत नाही, माणसं बोलणारच. याच हॉटेलात टोलच्या आंदोलनात मामांनी दारावर बोर्ड लावला होता, टोल देणार नाय म्हणून. तो पण राजकीयच होता, सरकारच्या विरोधात होता. पण आंदोलनाची समिती सर्वपक्षीय होती, एन. डी. सर होते, कॉम्रेड गोविंद पानसरे होते, सगळ्या पक्षांचे झेंडे एका मोर्च्यात, आणि 2015 च्या शेवटी टोल रद्द झाला तेव्हा या हॉटेलात मामांनी सगळ्यांना जिलेबी वाटली, कुणाला पक्ष विचारून नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 43, अर्धं शहर पाण्यात, तेव्हा मामांनी चार दिवस मिसळ बंद ठेवून नुसता भात-आमटी शिजवली आणि पूरग्रस्तांना पाठवली, आम्ही पोरं डबे पोचवायला होतो. त्या डब्यांवर कुणाचा फोटो नव्हता.

आणि कोल्हापूरला तर ही गोष्ट कुणी शिकवायची गरजच नाही. याच गावात गंगाराम कांबळे यांनी सत्यसुधारक हॉटेल काढलं, दलित माणसाच्या हातचा चहा कोण पिणार असा तो काळ, आणि शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा घ्यायचे, सोबतच्या मोठमोठ्या लोकांना पण पाजायचे. शंभर वर्षांपूर्वी. यापेक्षा मोठी भूमिका कुठल्या हॉटेलच्या टेबलावर घेतली असेल? पण त्या चहाने जे आत येऊ शकत नव्हते ते आत आले. इथं जे रोज येत होते ते बाहेर गेले, माझं दुखणं एवढंच आहे.

मुलाची बाजू पण समजते मला. छोट्या हॉटेलवाल्याचं आयुष्य सोपं नाही, फुटपाथवर दोन बाकडी टाकली तर अतिक्रमणची गाडी येणार, परवाने आहेत, नळाचं कनेक्शन आहे, मंडळांच्या वर्गण्या आहेत, कुणाचा तरी हात डोक्यावर लागतोच. पेठेतले निम्मे दुकानदार झेंडा मनापासून लावत नाहीत, नाही म्हणता येत नाही म्हणून लावतात. याला तर तिकीट पण हवं होतं. पण मग ते ऑफिस शेजारच्या गाळ्यात टाकायचं ना, गाळा रिकामाच आहे त्यांचा. खाणाऱ्याच्या ताटाशी आणून कशाला ठेवायचं. आणि सगळ्यात जास्त बघवत नाही ते वाढणाऱ्या पोरांचं, दोघं कर्नाटकातले, एक गडहिंग्लज भागातला, त्यांना आता पक्षाचं चिन्ह असलेला टीशर्ट घालावा लागतो. त्यांना कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

आता ऑनलाइन रेटिंगबद्दल. मागच्या काही महिन्यांत या हॉटेलला धडाधड एक स्टार पडलेत आणि त्यातले बरेच रिव्ह्यू वाचून कळतं की माणसाने तिथं पाणी पण प्यायलेलं नाही, नुसत्या पक्षावर राग. त्याला उत्तर म्हणून दुसरीकडून पाच-पाच स्टार, त्यात पण मिसळीचा शब्द नाही, नुसत्या घोषणा. बाहेरगावच्या माणसाला कट कसा आहे, पोरं स्वच्छ आहेत का, बायकांना बसायला वेगळी जागा आहे का (आहे, वरच्या मजल्यावर, पंखे चालू असतात), काहीच कळत नाही. हे एक स्टारवाले पण तितकेच चुकतात असं माझं मत आहे. पटत नाही तर जाऊ नका, पण न खाल्लेल्या मिसळीला नावं ठेवू नका, त्या भट्टीवर सात घरं चालतात.

माझं रेटिंग असं. चव पाच. वाढप पाच. स्वच्छता चार, हात धुवायच्या जागी साबण नसतो कायम. किंमत चार, वाढली आहे पण सगळीकडंच वाढली. बसून खाण्याचा अनुभव दोन, आणि ते दोन पण मामा दुपारी गल्ल्यावर असतात तेव्हाचे. बाहेरून कोल्हापुरात येणार असाल, अंबाबाईचं दर्शन करून एकदाच मिसळ खायची असेल तर बिनधास्त जा, तुम्हाला यातलं काही जाणवणार पण नाही, छान खाऊन याल.

आम्ही आता दर रविवारी स्टँडच्या बाजूला एका ठिकाणी जातो. तिथला कट याच्या पासंगाला पुरत नाही, तिखट नुसतं, चव मागून येत नाही. पण सातातले पाच जण परत एका टेबलावर बसतात, सोसायटीवाले काका पण येतात आता, आणि शेकापवाले काकांचा आवाज पूर्वीसारखा रस्त्यापर्यंत जायला लागलाय.

मागच्या आठवड्यात भाच्याने न सांगता जुन्या हॉटेलातून पार्सल आणलं. आण्णांनी पहिला घास घेतला आणि लगेच ओळखलं. काही बोलले नाहीत, दोन स्लाइस जास्त मागून घेतल्या, कट वाटीने प्यायले. हात धुवून आल्यावर भाच्याला विचारलं, मामा बरे आहेत का, गल्ल्यावर होते का? मग थोडं थांबून, आणि तो झेंडा?

आहे अजून, भाचा म्हणाला.

आण्णांनी मान हलवली आणि पेपर उघडला.