फोंड्यातला साहित्यसंज्ञांचा वर्ग: अलंकार चोख, कथा अपुरी

अकरावी-बारावीच्या मुलांनी अलंकारांसाठी तरी हा रविवारचा वर्ग जरूर करावा. व्याख्यांची घोकंपट्टी नाही. फळ्यावर एकच वाक्य लिहून तेच फिरवत नेतात. ‘मांडवी आरशासारखी नितळ आहे’ ही उपमा: मांडवी उपमेय, आरसा उपमान, नितळपणा साधारण धर्म, ‘सारखी’ साम्यवाचक शब्द. ‘मांडवी जणू आरसाच’ म्हटलं की उत्प्रेक्षा. ‘ही मांडवी नव्हे, आरसा आहे’ ही अपन्हुती. ‘मांडवीच्या आरशात पणजी नटते’ इथे रूपक तर आहेच, शिवाय निर्जीव पणजी माणसासारखी नटते म्हणून चेतनगुणोक्तीही. मुलं नेमकी इथेच अडतात, कारण ती फक्त उपमान हुडकत बसतात. उपमेयाशी त्याचं नातं कसं सांगितलंय, ते पाहायला हवं. हे इतकं स्वच्छ क्वचितच कुणी शिकवतं!

वृत्तंही नीट होतात. भुजंगप्रयात म्हणजे ‘य’ गण (लघू-गुरू-गुरू अशा तीन अक्षरांचा गट) चार वेळा, चरणात १२ अक्षरं. लगक्रम, म्हणजे लघू-गुरू अक्षरांचा क्रम, लावताना जोडाक्षर घात करतं: ‘सत्य’मधला ‘स’ आघातामुळे गुरू, पण ‘तुझ्या’मधला ‘तु’ लघूच. ओळ मोठ्याने म्हणून घेतात, त्यामुळे चूक कानालाच कळते.

कथेला मात्र जेमतेम एक तास. प्रथमपुरुषी निवेदक म्हणजे लेखक नव्हे, एवढं सांगतात. सर्वज्ञ (सगळ्यांच्या मनातलं जाणणारं) आणि मर्यादित (एकाच पात्राच्या नजरेतलं) निवेदन यांतला फरक उताऱ्याविनाच उरकतात. फी घेताना कथासाहित्यही शिकवू म्हणतात, तर निदान दोन उतारे तरी सोडवून घ्यायला हवेत.